गवतावर चोवीस गोल खाल्ले, वाळूवर अंतिम फेरी गाठली

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ताहितीच्या बीच सॉकर संघाबद्दल. ताहिती म्हणजे पॅसिफिक महासागराच्या मधोमध, फ्रान्सच्या अखत्यारीतलं बेट. आजूबाजूची बेटं धरली तरी वस्ती तीन लाखांच्या आत. फ्रान्सच्या अखत्यारीत असलं तरी 1990 पासून फिफात त्यांचं सदस्यत्व वेगळं. आणि या एवढ्याशा बेटाने वाळूवरच्या फुटबॉलच्या विश्वचषकात दोनदा अंतिम फेरी गाठली. 2015 साली आणि 2017 साली. लागोपाठ दोनदा, बरं का.

पण वाळूवर उतरण्याआधी तुम्हाला गवतावर नेतो. हा किस्सा सांगितल्याशिवाय मला ताहितीबद्दल बोलताच येत नाही.

2012 साली ताहितीच्या गवतावरच्या संघाने ओशिआनियाचं, म्हणजे पॅसिफिकमधल्या देशांचं, अजिंक्यपद मिळवलं. तोवर ते ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सोडून कुणाच्याच हाती लागलं नव्हतं. संघात तेहाऊ आडनावाचे चौघे होते, तिघं सख्खे भाऊ आणि एक चुलत. सामोआला 10-1 असं हरवलं, त्यात 9 गोल या तेहाऊ मंडळींचे. खंडाचे विजेते म्हणून पुढच्या वर्षी ब्राझीलमधल्या कॉन्फेडरेशन्स कपला यांना आपसूक जागा मिळाली. संघात पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू एकच, मरामा वाहिरुआ. बाकीचे नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे. आणि गटात कोण? नायजेरिया, स्पेन, उरुग्वे. आफ्रिकेचा विजेता, जगज्जेता आणि दक्षिण अमेरिकेचा विजेता!

पहिला सामना बेलो होरिझोंतेला, नायजेरियाशी. मध्यंतरालाच 3-0 ने मागे. मग 54व्या मिनिटाला कॉर्नर आला, जोनाथन तेहाऊने उडी मारली आणि डोक्याने चेंडू जाळ्यात! पुढे जे झालं ते मला फार आवडतं. ताहितीचे खेळाडू मैदानावर एकामागे एक रांगेत बसले आणि वल्ही मारायला लागले. तिकडे बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारं लाकूड, बांधलेल्या होड्यांच्या शर्यती म्हणजे जीव की प्राण. आपल्या कोकणातल्या मंडळींना उलांडी काय ते सांगायला नको. तर ब्राझीलच्या हिरवळीवर ही होडी चालली आणि परक्या देशाचं अख्खं स्टेडियम त्यांच्या बाजूने उभं राहिलं. पंधरा मिनिटांनी याच तेहाऊकडून स्वतःच्याच जाळ्यात चेंडू गेला, तो भाग वेगळा. सामना 6-1.

मग रिओचं माराकाना स्टेडियम. समोर स्पेन. दहा गोल झाले, पण लोक सांगतात ते वेगळंच. 77व्या मिनिटाला स्पेनला पेनल्टी मिळाली. त्यांच्या तोरेसने मारली ती आडव्या दांड्यावर आदळली आणि माराकाना असं गरजलं, जणू ब्राझीलनेच गोल केला! गोलरक्षक मिकाएल रोशने हवेत मुठी उडवल्या. मिनिटभरात तोरेसने गोल केलाच, पण तो कुणाच्या लक्षात आहे? शेवटी उरुग्वेकडून 8-0. जाताना ताहितीच्या संघाने ब्राझीलवासीयांचे आभार मानणारा फलक घेऊन मैदानाला फेरी मारली.

हिशेब लावा. सहा, दहा आणि आठ. 24 गोल खाल्ले, 1 केला. पुन्हा सांगतो, 24 खाल्ले आणि 1 केला. हे जून 2013.

आता सप्टेंबर 2013. तेच वर्ष, ताहितीच, फक्त पायाखाली वाळू. बीच सॉकरचा विश्वचषक ताहितीतच होता, पापेएतेच्या तोआता मैदानावर. यजमानांनी उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाला 6-1 असं उडवलं. अर्जेंटिनाला! उपांत्य फेरीत रशियाकडून हरले, तिसऱ्या जागेसाठी ब्राझीलला पेनल्टीपर्यंत ताणलं. तीन महिन्यांपूर्वी ज्या देशाला जगाने लाडाने टाळ्या वाजवल्या होत्या, त्याला आता जग घाबरायला लागलं.

हे कसं? कोरड्या वाळूत धावून पाहिलेल्याला अर्धं उत्तर ठाऊक आहे. पाय रुततो, चेंडू जमिनीवरून सरकवायला जावं तर कुठेही उडतो. म्हणून चेंडू पायाने वर उचलायचा आणि हवेतच खेळवायचा. गोलरक्षक धरून पाच जण, सगळे अनवाणी, 12 मिनिटांचे तीन डाव. फ्री किकला बचावाची भिंत नाही आणि त्या वेळच्या नियमाने ज्याला पाडलं त्यानेच ती मारायची. मैदान लहान, त्यामुळे गोलरक्षकही आपल्या गोलजवळून थेट फटका मारतो. युरोपच्या मोठ्या अकादम्या गवतासाठी जे घडवतात, त्यातलं निम्मं इथे कामाला येत नाही.

वाळूवरून आठवलं. आपल्याकडे शनिवार-रविवारी भरतीच्या रेषेपर्यंत गाड्या घालणारे असतात ना, ज्यांची गाडी रुतली की गावकऱ्यांनी दोर लावून ओढायची, त्यांना एकदा पाच मिनिटं वाळूत धावायला लावलं पाहिजे. असो.

2015, पोर्तुगालमधलं एस्पिन्यो. ताहितीने उपांत्य फेरीत इटलीला पेनल्टीवर घरी पाठवलं. अंतिम फेरीत समोर यजमान पोर्तुगाल. 5-3 असे हरले, पण स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला ताहितीचा हेइमानू ताइआरुई आणि सर्वोत्तम गोलरक्षकही त्यांचाच, जोनाथन तोरोहिया. 2017 साली बहामामध्ये उपांत्य फेरीत इराणला 3-2 असं हरवून पुन्हा अंतिम फेरी. तिथे मात्र ब्राझीलने 6-0 असं धुऊन काढलं. त्यात काही सारवासारव करण्यासारखं नाही. ब्राझील त्या दिवशी ब्राझीलसारखं खेळलं.

एक गोष्ट विसरू नका. ओशिआनियाला या विश्वचषकात एकच जागा मिळते, एकच. त्यामुळे ताहितीला सहसा आधी सॉलोमन आयलंड्ससारख्या शेजाऱ्यांशी झगडावं लागतं. 2011 च्या आधी ती जागा सहसा सॉलोमनच घेऊन जायचे. आपल्याकडे हा खेळ 2023 च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत होता. सुवर्ण केरळने नेलं, गोव्याला रौप्य. वर्तमानपत्रात त्याच्या बातमीला दोन ओळी, आणि एखाद्या क्रिकेटपटूने केस कापले की चार रकाने! पण त्यावर बोलायला लागलो तर हे लोक माझा माईक बंद करतील.

नमस्कार.