तांबड्याची पाठ

[दृश्य : पहाट. भात कापलेली खाचरं. वाघरीच्या जाळीआड मेंढ्या. हातात दावं घेतलेली एक मुलगी, पाठमोरी.]

भोरच्या अलीकडं एका शिवारात धनगरांचा वाडा जागा होतोय. वाडा म्हणजे इथं दगडी चौसोपी घर नव्हे. चार-पाच बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, कुत्री, कोंबड्या आणि घोडी, हे सगळं मिळून वाडा. दिवाळी सरली की फलटण-बारामतीकडच्या कोरड्या माळांवरून असे वाडे निघतात. कोणी मावळ धरतं, कोणी घाट उतरून कोकणात जातं. वाटेवरचे शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. रानाला लेंड्यांचं खत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. पाऊस तोंडावर आला की सगळे माघारी.

ही पोर नऊ वर्षांची आहे. या महिन्यांत शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढं काय लागत असेल, ते वेगळं सांगायला नको. आणि हा तांबड्या. वाड्यातल्या म्हाताऱ्या घोडीचं शिंगरू. तीन वर्षं आईच्या मागं मोकळं उंडारलं. यंदा त्याच्या पाठीवर पहिल्यांदा ओझं चढलंय, आणि त्याचं सगळं या पोरीनं बघायचं, असं आजीनं ठरवलंय. निघायच्या दिवशी दोघांच्याही कपाळाला भंडारा लागला.

ठरवलं ते आजीनं, बापानं नव्हे. पुरुष मेंढरांमागं जातात. बिऱ्हाड घोड्यांवर लादायचं, पुढच्या मुक्कामाला न्यायचं, पाल उभं करून चूल पेटवायची, हे बायकांचं काम. त्यामुळं घोड्याची विद्या इथं आजीकडून नातीकडं येते.

[दृश्य : तांबड्या जवळून. कान, आयाळ, खूर.]

दिसायला बेताचा. उंची साधारण सव्वाचार फूट. लग्नाच्या वरातीत याला कोणी उभं करणार नाही. पण हे भीमथडीचं तट्टू आहे. भीमेच्या काठानं वाढलेली, थोड्या चाऱ्यावर दिवसभर चालणारी ही जात मराठ्यांच्या घोडदळात होती. आपल्या राज्यगीतात तिचं नाव येतं. शाळेत ताठ उभं राहून ते म्हणणाऱ्या किती जणांनी हे तट्टू पाहिलंय? अलीकडं कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. देशातली घोड्यांची ही आठवी जात. पेशवाई जाऊन दोनशे वर्षं झाली. मधल्या काळात हा घोडा टिकला तो भांडीकुंडी वाहत, या बायकांच्या हाताखाली.

[दृश्य : मुलगी घोड्याकडं जाते.]

पहिल्या आठवड्यात तिला काही करूच दिलं नाही. नुसतं जवळ जायचं. तेही मागून नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त ऐन पाठीमागचं आणि नाकासमोरचं तेवढं दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूनं, तोंडानं काहीतरी बोलत जायचं. ती त्याला मेंढरांची नावं सांगत जाते.

मग खूर. पायावरून हात खाली आणला की तांबड्या आता आपण होऊन पाय उचलतो. खुराच्या खाली मधोमध बाणाच्या टोकासारखा एक मऊ भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत खडा रुततो, बाभळीचा काटा मोडतो. काडीनं कोरताना ती जीभ बाहेर काढते, चित्र काढणाऱ्या कुठल्याही पोरासारखी.

रात्री पुढचे दोन्ही पाय आखूड दोरीनं बांधायचे. चरता येतं, लांब पळता येत नाही. या दोरीला म्हणतात पायबंद. वर्तमानपत्रात आपण रोज कशाकशाला पायबंद घालत असतो. खरा पायबंद इथं एका पोरीच्या हातात आहे. तो सैल राहिला तर घोडं कोणाच्या तरी धान्याच्या राशीवर जाईल. घोड्याला उलटी होत नाही. अधाशासारखं खाल्लेलं दाणं पोटात फुगलं, की पोटशूळ उठून जनावर सकाळपर्यंत जाऊ शकतं. आजी हे एकदाच बोलली. रात्री पोर दोनदा उठून गाठ चाचपते.

[दृश्य : म्हातारी घोडी. पाठीवर पांढरे ठिपके.]

आता ही पाठ बघा. घोडी तांबडी, आणि पाठीवर रुपयाएवढे पांढरे डाग. हा रंग जन्माचा नाही. ओझ्यानं कातडं सोललं, जखम भरली, त्या जागी केस पांढरे उगवले. एकेक डाग म्हणजे कुणाची तरी एकेक चूक. त्यातली एक आपली, आजी सांगते. कुठली, तेही दाखवते.

तांबड्याच्या पाठीवर अजून एकही डाग नाही.

[दृश्य : वाटचाल. घोड्यांवर पातेली, घोंगड्या, पाटीत कोंबड्या, वर एक कोकरू.]

आधी घडी केलेली वाकळ, वर खोगीर, मग तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळायचा. दोन्ही अंगांना वजन सारखं. डावीकडं पिठाचं गाठोडं, तर उजवीकडं तेवढ्याच वजनाची भांडी. तांबड्याला अर्धंच ओझं दिलंय. बापाला ते फार कमी वाटतं. आजी त्याच्याकडं लक्ष देत नाही.

[दृश्य : संध्याकाळ. नवा मुक्काम. ओझं उतरवतात.]

मुक्कामावर पोचल्यावर पोरीनं वाकळ काढली. पाठ घामानं काळपट ओली. मणक्याच्या शेजारी मात्र आठ आण्याएवढी जागा कोरडी.

“आज्जे, हितं वलं न्हाय.”

आपल्याला वाटेल, कोरडं आहे तर बरंच आहे. पण सगळीकडं घाम आणि तेवढंच कोरडं, याचा अर्थ तिथं दाब इतका पडला की घामही सुटला नाही. आजीनं पालथा हात ठेवला. जागा गरम होती. तांबड्यानं कातडं थरथरवलं.

“उद्या ह्याच्यावर काय टाकायचं न्हाय,” आजी म्हणाली.

“मग पीठ?”

“तुझी आय घील डोक्यावर.”

पलीकडं चूल फुंकणाऱ्या आईनं मान वर केली. काही बोलली नाही.

[दृश्य : अंधार पडत चाललेला. मुलगी जमिनीवर. मांडीवर वाकळ.]

आरडाओरडा झाला नाही. जेवायची हाक आली, तरी पोर उठली नाही. वाकळ उलटी करून ती बोटांनी एकेक टाका चाचपत होती. कोपऱ्यापासून वीतभर आत, दोन चिंध्यांच्या मधे, तिला ती सापडली. भाताच्या धसाची बोटाच्या पेराएवढी काडी.

ती तिनं चुलीत टाकली नाही. तांबड्याच्या नाकापुढं धरली. त्यानं हुंगली आणि खाऊन टाकली.