चांदीची माती आणि तिचं सर्टिफिकेट

श्रोतेहो, नमस्कार.

आठवड्यातून दोन-तीन फोन तरी मला असे येतात. "ताई, तुमच्याकडे सिल्व्हर क्लेचा क्लास असतो ना? सर्टिफिकेट मिळतं का?" माती कुठली, भट्टी लागते का, केलेली अंगठी टिकते का, हे प्रश्न नंतर येतात. कधी कधी येतच नाहीत. आज आकाशवाणीने दहा मिनिटं दिली आहेत, तर या सर्टिफिकेटाबद्दलच बोलावं म्हणते.

पण ज्यांनी ही माती पाहिलेलीच नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. मळून ठेवलेला कणकेचा गोळा डोळ्यांपुढे आणा. पिठाच्या जागी चांदीची पूड, तीही इतकी बारीक की एकेक कण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून लहान. त्यात पाणी, आणि पुढे जळून जाईल असा एक चिकट पदार्थ. पाकीट फोडलं की आत पांढरट-राखी रंगाचा लहानसा गोळा निघतो. हाताला तेलाचं बोट लावायचं आणि लाटायला घ्यायचा. जाडी सगळीकडे सारखी यावी म्हणून दोन्ही बाजूंना पत्त्यांच्या चळती ठेवतात. चार-चार पत्ते ठेवले की साधारण एक मिलिमीटर. माझ्या टेबलावर कायम पत्ते पसरलेले असतात, आणि नव्याने येणाऱ्या माणसाला वाटतं की इथे रमी चालते.

मग कापायचं, वळवायचं, पिंपळाच्या पानावर दाबून शिरा उठवायच्या. पूर्ण वाळलं की कानस आणि पॉलिश पेपरने घासायचं. आणि शेवटी तापवायचं. तापताना चिकट पदार्थ जळून जातो आणि चांदीचे कण न वितळताच एकमेकांना धरतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाचा खडा होतो ना, काहीसं तसं. मधल्या पोकळ्या मिटत जातात, त्यामुळे वस्तू आकसते. पहिल्यांदा जी माती आली ती पाव हिश्श्याहूनही जास्त आकसायची. नंतरच्या प्रकारांत हे प्रमाण 8 ते 12 टक्क्यांवर आलं. म्हणून अंगठी करताना बोटाच्या मापापेक्षा मोठीच करावी लागते. भट्टीतून निघते तेव्हा ती चुन्यात बुडवल्यासारखी पांढरीफटक असते. पितळी तारांचा ब्रश फिरवला की खालून चांदी दिसते, 999 टंचाची, म्हणजे हजारात 999 भाग शुद्ध. हे एकदा करून दाखवलं की समोरचा माणूस लगेच नाव नोंदवतो. आम्ही शिकवणारे लोक या एका ब्रशवर जगतो, हे इथेच कबूल करून टाकते.

ही माती जपानची. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीने ती काढली आणि प्रेशस मेटल क्ले, म्हणजे पीएमसी, या नावाने विकायला आणली. पाठोपाठ आयडा केमिकल इंडस्ट्रीज या दुसऱ्या जपानी कंपनीची आर्ट क्ले आली. दशकाच्या मध्याला टिम मॅक्रेट या अमेरिकन धातुकारागिराने पीएमसी अमेरिकेत लोकांच्या हाती दिली. पुढे 2008 च्या सुमारास बिल स्ट्रूव्ह यांनी काशाची आणि मग तांब्याची मातीही बनवली. ती उघड्यावर तापवली तर काळी पडून फुकट जाते. कोळशाच्या बारीक दाण्यांत पुरून, झाकण लावून, तासन् तास तापवावी लागते.

सर्टिफिकेटाची गोष्ट इथूनच सुरू होते, कारण जपानमध्ये माती विकणाऱ्यांनीच ती शिकवण्याचीही सोय केली. नवीन माल होता. सोनाराला तो ठाऊक नव्हता, आणि शिकवणारा नसेल तर खपणार कसा? म्हणून अभ्यासक्रम आखले, टप्पे पाडले, ते पार करणाऱ्याला शिक्षक म्हणून मान्यता दिली. अमेरिकेतही माल पुरवणाऱ्यांनी तेच केलं. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, वरिष्ठ प्रशिक्षक. प्रत्येक टप्प्याला ठरलेल्या वस्तू करून दाखवायच्या: पोकळ मणी, खडा बसवलेली अंगठी, बिजागरी असलेली डबी. पास झालात की सर्टिफिकेट मिळायचं, आणि त्याच्यासोबत माती खरेदीवर सवलतही. यात गैर काही नाही. शिलाई मशीनची कंपनी मशीनसोबत शिवणाचे वर्ग घेते, तसंच हे. पण तो कागद काय सांगतो हे नीट समजून घ्या. या बाईला आमची माती वापरता येते, एवढंच तो सांगतो. ती सोनार झाली असं त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं.

माझ्याकडेही असा एक कागद आहे, काचेत लावलेला. बऱ्याच वर्षांपूर्वी दोन दिवसांचा एक वर्ग केला होता. कुठे, ते राहू दे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा, फोटो, सर्टिफिकेट. त्यानंतर महिन्याभरात मी केलेली अंगठी एका ओळखीच्या बाईंनी विकत घेतली. तिसऱ्या आठवड्यात त्या अंगठीचे दोन तुकडे पुडीत बांधून घेऊन आल्या. काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सोनारकाका बसतात. ती पुडी त्यांना दाखवली. त्यांनी विचारलं, "याच चांदीची पट्टी आहे का एखादी?" होती, त्याच दिवशी तापवलेली. त्यांनी ती पकडीत धरली आणि वाकवली. कट्ट. तुटलेली कड भिंगाखाली बघून मला परत दिली. "वरून चांदी आहे. आतून पापड आहे."

चूक माझीच होती. लहान वस्तू गॅसच्या छोट्या टॉर्चनेही तापवता येतात. सुरुवातीला चिकट पदार्थ पेट घेतो आणि इवलीशी ज्योत उठते. मी तिथपासूनच मिनिटं मोजत होते. खरं मोजायचं ते त्यानंतर, सगळी वस्तू पिकल्या आंब्याच्या सालीसारखी नारिंगी-गुलाबी तापली की तिथून. तेही उन्हात बसून करायचं नाही. खोलीत थोडा अंधार हवा, नाहीतर तो रंग दिसतच नाही. अर्धवट तापलेली वस्तू ब्रश मारल्यावर चमकते अगदी पुरी तापलेल्यासारखीच. डोळ्यांना फरक कळत नाही, वाकवल्यावर कळतो. भट्टीत 900 अंशांवर दोन तास ठेवलेली चांदी सगळ्यात मजबूत होते. पण चांदी 962 अंशांना वितळते. म्हणजे भट्टीचं मापक 70 अंशांनी खोटं बोलत असेल, तर सकाळी अंगठीच्या जागी गोळी मिळणार.

दोन दिवसांच्या त्या वर्गात पट्टी वाकवून बघायला कोणी सांगितलं नव्हतं. आता माझ्या वर्गात पहिल्या दिवशी दागिना होतच नाही. सगळ्यांनी पट्ट्या करायच्या, तापवायच्या आणि तोडायचा प्रयत्न करायचा. दोघी-तिघी दुसऱ्या दिवशी येत नाहीत. चालतं.

कागदाला कागद म्हणूनच महत्त्व असलेली एक जागा आहे, आणि ती शिकण्याशी संबंधित नाही. ब्रिटनचंच बघा. तिथे 1973 च्या हॉलमार्किंग कायद्याप्रमाणे 7.78 ग्रॅमपेक्षा जड वस्तू चांदीची म्हणून विकायची, तर तिच्यावर हॉलमार्क लागतो. लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्ड आणि एडिंबरा इथल्या कचेऱ्यांत वस्तू तपासतात. करणाऱ्याची स्वतःची खूण तिथे आधी नोंदवलेली असते. ती नोंदवताना कुठला कोर्स केलात, असं कोणी विचारत नाही. स्वयंपाकघरात बसून मातीची चांदी करणाऱ्या बाईलाही आपल्या आद्याक्षरांची खूण घेता येते. धातू मात्र कसून तपासला जातो. 999 च्या पेंडंटला तुम्ही 925 ची कडी जोडलीत, तर 999 चा शिक्का विसरा.

आपल्याकडे चांदीच्या हॉलमार्कची सक्ती अजून नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या वस्तूंनाही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा स्वतंत्र ओळख क्रमांक, देण्याची ऐच्छिक सोय मात्र झाली आहे. तोही धातूबद्दल सांगतो, हाताबद्दल नाही.

मग हाताबद्दल कोण सांगणार? लंडनच्या गोल्डस्मिथ्स कंपनीत, म्हणजे सोनारांच्या जुन्या संघात, आजही मुलं उस्तादाच्या हाताखाली काही वर्षं उमेदवारी करतात आणि शेवटी एक वस्तू संपूर्ण स्वतः करून दाखवतात. इंग्रजीतला मास्टरपीस हा शब्द मुळात अशाच परीक्षेच्या वस्तूसाठी होता. धातूच्या मातीतही याच्या जवळ जाणारं एक काम झालं, मास्टर्स रजिस्ट्री नावाचं. पाच पातळ्या, आणि शिकवणी कसलीच नाही. कुठेही शिका, वस्तू करून पाठवा, जाणकार ती तपासणार. मला हीच पद्धत पटते.

आपल्या हुपरीला कोण कुणाला सर्टिफिकेट देतं? कोल्हापूर जिल्ह्यातलं हे गाव घराघरांतून चांदीचे पैंजण घडवतं. एका घरात तार, दुसऱ्या घरात जोडकाम, तिसरीकडे घुंगरं. पोर शेजारी बसून बघता बघता शिकतं. अशा कारागिरांना बँकेत, योजनेत कागद लागतो हेही खरं. पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसायांमध्ये सोनार आहेत. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, अशी तिची रचना आहे. तिथे आधी हात असतो, कागद मागून येतो. आमच्या मातीच्या धंद्यात बहुतेक वेळा उलटं होतं.

तेव्हा फोन करणाऱ्या ताई-दादांनो, क्लास निवडताना सर्टिफिकेटऐवजी हे विचारा. भट्टी आहे का, आणि तिचं तापमान तपासलेलं आहे का? तापवायचं काम मी स्वतः करणार की तुम्ही करून मला फक्त ब्रश हातात देणार? कुठला खडा आगीत टिकतो हे सांगाल का? क्यूबिक झिरकोनिया हा कृत्रिम खडा टिकतो. मोती, फिरोजा, ओपल, पाचू भट्टीत घातलेत तर गेले. माझ्या हातून काही फुटलं तर का फुटलं ते समजावाल का? माती परदेशातून येते, ग्रॅमवर विकली जाते आणि चांदीच्या भावापेक्षा बरीच महाग पडते, त्यामुळे फुकट गेलेला प्रत्येक तुकडा काहीतरी शिकवून गेला पाहिजे. आणि घरी सराव करताना ॲल्युमिनियमला या मातीजवळ फिरकू देऊ नका. फॉइल नको, साचा नको. त्याचा कण राहिला तर तापवताना चांदी तिथे खराब होते.

एक राहिलं. ते सोनारकाका. दोन वर्षांनी मी पुन्हा एक पट्टी घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली. तुटली नाही. मी वाट बघत होते, की आता काहीतरी म्हणतील. त्यांनी पट्टी बाजूला ठेवली आणि विचारलं, "डाख लावता येतो का?"

येत नव्हता. मातीत सगळं ओलं असतानाच चिकटवायचं असतं, डाखाची गरजच पडली नव्हती. तेव्हापासून दर बुधवारी सकाळी तासभर त्यांच्या बागेसरीसमोर, म्हणजे सोनाराच्या शेगडीसमोर, डाख शिकायला बसते. टाकणखार अजून जास्त लावते म्हणतात.

नमस्कार.