दुसरा मार्ग असायला हवा होता

मंडळी, सुरुवात एका सायकलपासून करतो. १९४२चा वसंत, दुसरं महायुद्ध चालू, जर्मनीच्या ताब्यातल्या नेदरलँड्समधलं ॲमस्टरडॅम शहर. एकवीस वर्षांची मॅरियन फान बिन्सबर्गन समाजकार्याच्या वर्गाला निघाली होती. वाटेत ज्यू मुलांचा एक बालकाश्रम लागायचा. त्या सकाळी तिथे ट्रक उभा होता आणि जर्मन सैनिक मुलांना बाहेर काढत होते. तान्ह्या बाळांपासून सात-आठ वर्षांपर्यंतची पोरं. रडणारी मुलं भराभर चढेनात, म्हणून कुणाचा दंड, कुणाचा पाय, कुणाचे केस धरून त्यांना ट्रकमध्ये भिरकावलं जात होतं. दोन बायका धावत मध्ये पडल्या, तर त्यांनाही उचलून आत टाकलं. मॅरियन सायकलवर खिळून राहिली. त्या क्षणी आपल्या हातून काही झालं नाही, हे तिने पुढे कधी लपवलं नाही. पण इथून पुढे जमेल ते करायचं, हा निश्चयही तिथेच झाला.

ती न्यायाधीशाची मुलगी, आई इंग्रज. त्याआधीच एकदा तिने तुरुंग पाहिला होता. दोस्तराष्ट्रांच्या रेडिओवरच्या बातम्या उतरवून वाटणाऱ्या मित्रांच्या घरी ती रात्री राहिली होती, तेवढ्यावर तिला कित्येक महिने कोठडीत काढावे लागले. म्हणजे पकडलं गेल्यावर काय होतं, हे ती जाणून होती.

नेदरलँड्समध्ये तेव्हा सुमारे १ लाख ४० हजार ज्यू होते. त्यांतले १ लाखाहून जास्त मारले गेले. देश सपाट. लपायला ना डोंगर, ना दाट जंगल. शिवाय कोण कुठे राहतो, कुठल्या धर्माचा, याची सरकारदप्तरी चोख नोंद. एरवी ज्या दप्तराचं कौतुक व्हावं, त्यानेच घात केला. आपल्याकडे बेचाळीसमध्ये ‘भूमिगत’ हा शब्द घरोघरी पोचला. डच लोक लपलेल्या माणसाला ‘ओंडरडाउकर’ म्हणत. खाली बुडी मारलेला. पण बुडी मारलेल्यालाही श्वास लागतो. जागा हवी, शिधापत्रिका हवी, खोटं ओळखपत्र हवं. ते पुरवणारी माणसं हवीत.

मॅरियन त्यांच्यातली एक झाली. ज्यू बाळाची नोंद आपल्याच पोटचं मूल म्हणून करायची, हे कामही तिने केलं. लग्न न झालेली मुलगी, त्या काळात! एकदा एक तान्ही मुलगी घेऊन ती रेल्वेने दूर उत्तरेला गेली. जिथे बाळ द्यायचं होतं, तिथली माणसं आधीच पकडली गेली होती. स्टेशनवर निरोप घेऊन आलेला माणूस तिला विसाव्यासाठी स्वतःच्या घरी घेऊन गेला. दमलेल्या मॅरियनला झोप लागली. जागी होऊन बघते, तर त्याच्या बायकोने बाळाला स्वच्छ करून दूधही पाजलं होतं. बाळ आम्हीच ठेवतो, म्हणाले. मग त्या गृहस्थाने तिची माफी मागितली. शेजारीपाजारी त्यांना सांगावं लागणार होतं की ही कुमारी माता, पाप केलं म्हणून हिला मूल पुन्हा दिसणार नाही. मला या सगळ्या हकिकतीत ही माफी फार मोलाची वाटते. जीव धोक्यात घालून परक्याचं मूल पदरात घेणारा माणूस एका अनोळखी मुलीच्या अब्रूसाठी हळहळत होता.

पुढे हाउझनजवळच्या एका घरात तिने फ्रेड पोलाक आणि त्यांची तीन लहान मुलं सांभाळली. हेच पोलाक युद्धानंतर ‘फ्युचर स्टडीज’चे, म्हणजे समाजाच्या भविष्यकाळाच्या अभ्यासाचे, एक प्रवर्तक म्हणून नावाजले. जमिनीच्या फळ्यांखाली लपायची जागा केलेली होती. बाळ रडू नये म्हणून झोपेची पूड असायची. एका रात्री जर्मन आले, त्यांच्याबरोबर एक डच पोलीसही. काही सापडलं नाही, निघून गेले. त्या रात्री पूड द्यायला वेळच मिळाला नव्हता. बाळ रडू लागलं, म्हणून मुलांना वर काढलं. अर्ध्या तासाने तो डच पोलीस एकटाच परतला. मित्राने दिलेलं छोटं पिस्तूल हाताशी होतं. मॅरियनने गोळी झाडली.

प्रेताचं काय करायचं? शेजारी लपलेला ज्यू नर्तक कारेल पोन्स संचारबंदीत गावात गेला. पाववाल्याने आपल्या घोडागाडीतून प्रेत नेलं आणि अंत्यविधी करणाऱ्याने ते दुसऱ्या एका मृताच्या शवपेटीत ठेवून पुरलं. एकानेही तोंड उघडलं नाही.

आतापर्यंत मी ‘ती’ म्हणालो, कारण त्या रात्री ती पंचविशीच्या आतली पोर होती. युद्धानंतर त्या जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये काम करू लागल्या. तिथे अमेरिकी सैन्यातून आलेले टोनी प्रिचर्ड भेटले. १९४७मध्ये लग्न करून दोघं अमेरिकेत गेले. तिकडेही त्यांनी निर्वासित कुटुंबांसाठी काम केलं, पुढे मनोविश्लेषक झाल्या आणि व्हरमाँटमधल्या व्हर्शायर या लहानशा गावी राहिल्या. १९८१मध्ये याद वाशेम या ज्यू संहाराची स्मृती जपणाऱ्या इस्रायली संस्थेने त्यांचा गौरव केला. सुमारे १५० ज्यूंना त्यांची मदत झाली असं म्हणतात. त्या मात्र आपण वाचवू शकलो नाही त्यांच्याबद्दलही बोलत. ११ डिसेंबर २०१६ रोजी, ९६व्या वर्षी त्या गेल्या.

त्या गोळीबद्दल विचारलं, की त्या सांगत: तशीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन, पण बोच जात नाही, दुसरा मार्ग असायला हवा होता. आणि त्या शवपेटीतल्या दुसऱ्या माणसाची आठवणही त्या काढत. त्याच्या घरच्यांना कळलं असतं, तर त्यांनी हरकत घेतली नसती, एवढी आशा त्यांना होती.