'का' कुठे लिहून ठेवलंय?

मंडळी, विषय ठरलाय तो दूरवरून काम करणाऱ्या वेब टीमच्या साधनांचा. साधनांकडे वळतोच, पण आधी एका ओळीची हकिगत ऐका.

एका ऑनलाइन दुकानाच्या कोडमध्ये 'पैसे भरा' या बटणापाशी एक ओळ होती: क्लिक झालं की बटण पाच सेकंद बंद. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीला ती खटकली. पाच सेकंद कशासाठी? तिने रीतसर गिट ब्लेम चालवलं. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, आणि ब्लेम ही प्रत्येक ओळ शेवटची कोणी बदलली ते दाखवणारी त्याची आज्ञा. ओळ कोणी लिहिली, कधी लिहिली, सगळं कळलं. कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, संदेश होता, 'फिक्स'. लिहिणारा केव्हाच टीम सोडून गेलेला. तिने ओळ काढली, रिव्ह्यू करणाऱ्यालाही ती फालतूच वाटली, आणि त्याच रात्री काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले. नेटवर्क संथ असलं की माणूस बटण पुन्हा दाबतो, आणि सर्व्हर दोन्ही विनंत्या वेगवेगळ्या समजून घेत होता. खरा इलाज सर्व्हरवरच हवा, प्रत्येक व्यवहाराला आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली तर ओळखू येईल अशी खूण, देऊन. पण त्यात आता शिरत नाही. मुद्दा असा, की हे सगळं कारण दोघांच्या खासगी चॅटमध्ये स्क्रीनशॉटसकट लिहिलेलं होतं. तिला ते दिसणार कसं? ठपका मात्र तिच्यावर आला. मला याचा आजही संताप येतो.

एकाच खोलीत बसणारी टीम असती तर शेजारी कोणीतरी म्हणालं असतं, 'अगं, त्याला हात लावू नकोस.' दूरच्या टीममध्ये प्रश्न पडतो तेव्हा उत्तर ठाऊक असलेला माणूस झोपलेला असतो.

गिट जन्मालाच आलं ते अशा विखुरलेल्या लोकांसाठी. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, काम करणारे देशोदेशी पसरलेले. ते वापरत होते त्या बिटकीपर नावाच्या अशाच साधनाची मोफत सोय 2005 मध्ये बंद झाली, आणि त्याच एप्रिलमध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. कर्नलच्या कमिटचे संदेश उघडून वाचा. बदल चार ओळींचा आणि कारण चार परिच्छेदांचं, असं सर्रास दिसेल. तुमच्यापैकी किती जणांच्या शेवटच्या कमिटमध्ये 'का' लिहिलंय? हात वर करा. बरं, मागच्या रांगेत दोन-तीन दिसताहेत, शाबास!

वेळ संपत आलीय, त्यामुळे साधनं भरभर सांगतो. पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती, लहान ठेवा, आणि तिच्या वर्णनात काय बदललं, का बदललं, तपासायचं कसं, हे लिहा. प्रत्येक पुल रिक्वेस्टला, बदल ब्राउझरमध्येच पाहता येईल अशी प्रिव्ह्यू लिंक आपोआप तयार होऊ द्या. डिझायनरला कोड उतरवून घ्यायला लावू नका. लॉक फाइल, म्हणजे वापरलेल्या पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी, कमिट करा आणि सीआयमध्ये, म्हणजे बदल आला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत, त्या यादीप्रमाणेच पॅकेजेस बसवणारी 'एनपीएम सीआय' ही आज्ञा चालवा, म्हणजे सगळीकडे त्याच आवृत्त्या बसतील. कमिटही छोटे हवेत: गिट बायसेक्ट दर वेळी निम्मे कमिट गाळत हजार कमिटमधला बिघाड साधारण दहा तपासण्यांत शोधतं, पण सापडलेला कमिटच दोन हजार ओळींचा निघाला तर पुढे काय करणार? चॅट जरूर वापरा, मात्र तिथे निर्णय झाला की त्याच दिवशी रिपॉझिटरीतल्या, म्हणजे कोडच्या साठ्यातल्या, निर्णयांच्या फाइलमध्ये टाका, नाकारलेल्या पर्यायांसकट. आणि डिप्लॉयची, म्हणजे नवा कोड साइटवर चढवण्याची, वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहा. 'उद्या सकाळी' म्हणजे कोणाची सकाळ?

चला, आता प्रश्न घेऊ.