चवळीखाऊंचे नाते: पश्चिम आफ्रिकेतील मांदे समाजांची गोष्ट

मालीची राजधानी बामाको. येथील बाजारात, बसमध्ये किंवा एखाद्या कार्यालयाच्या रांगेत दोन अनोळखी माणसांची गाठ पडली, की घरच्यांची, कामाची आणि प्रकृतीची विचारपूस बराच वेळ चालते, आणि त्या विचारपुशीत आडनाव फार लवकर येते. एकाने आपण त्राओरे असल्याचे सांगितले आणि दुसरा दियारा निघाला, तर पुढचे बोलणे ऐकून परक्या माणसाला भांडण जुंपले असेच वाटेल. "चवळीखाऊ कुठले!" असे एक जण म्हणतो. "तुमचा आजा आमच्या घरी गडी होता," असे दुसरा सुनावतो. यावर कोणीही रागावत नाही, कारण या नात्यात रागावण्याची मुभाच नसते. चवळी हे मालीत साधे, पोटात वायू धरणारे अन्न समजले जाते, आणि समोरच्याला चवळीखाऊ म्हणणे हा तिथला झिजून गुळगुळीत झालेला, तरीही रोज हशा पिकवणारा विनोद आहे.

थट्टेच्या या नात्याला मांदे भाषांमध्ये सनांकुया म्हणतात. मालिंके, बंबारा, मांडिंका, द्युला असे अनेक समाज मांदे या एका नावाखाली येतात आणि माली, गिनी, सेनेगल, गांबिया, गिनी-बिसाऊ, आयव्हरी कोस्ट व बुर्किना फासो इतक्या देशांत विखुरलेले आहेत. आपण सारे एका मुळाचे आहोत अशी त्यांची धारणा आहे, आणि ती दोन गोष्टींवर उभी आहे. तेराव्या शतकातील एका राज्याची पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत ठेवलेली कथा ही त्यांपैकी पहिली आणि ही थट्टा दुसरी. मान कथेला अधिक मिळाला, अभ्यासकांचे लक्षही तिच्याकडेच अधिक गेले. आमच्या मते मात्र माणसांना रोजच्या व्यवहारात बांधून ठेवण्याचे काम थट्टेनेच जास्त केले आहे.

आधी कथा पाहू. दो नावाच्या प्रदेशात एका राजघराण्यातील स्त्रीला तिच्या वाट्यापासून वंचित ठेवण्यात आले, तेव्हा तिने रानरेड्याचे रूप घेऊन शेते उद्ध्वस्त करण्यास आणि शिकाऱ्यांना मारण्यास सुरुवात केली. त्राओरे कुळातील दोन शिकारी भावांनी त्या म्हातारीची मनोभावे सेवा केली, म्हणून तिने स्वतःच आपल्या मरणाचे गुपित त्यांना सांगितले आणि त्या बदल्यात एक अट घातली: बक्षीस म्हणून त्यांनी राज्यातील सुंदर मुलींना सोडून कुरूप सोगोलोन कोंदे हिलाच मागावे. भावांनी शब्द पाळला. सोगोलोन पुढे मांदेचा राजा माघान याची राणी झाली आणि तिच्या पोटी सुंदियाता जन्मला. तो कित्येक वर्षे चालू शकत नव्हता. आईचा अपमान सहन न होऊन तो एक दिवस उभा राहिला, पुढे त्याला परागंदा व्हावे लागले, आणि शेवटी परत येऊन त्याने सुमाओरो काँते या सोसोच्या लोहारराजाचा किरिना येथे पराभव केला. ही लढाई साधारण १२३५ मधली मानतात. त्यातून उभे राहिलेले माली साम्राज्य पुढे अटलांटिकच्या किनाऱ्यापासून नायजर नदीच्या मोठ्या वळणापर्यंत पसरले.

ही कथा सांगण्याचा अधिकार जेली या वंशपरंपरागत कथकांकडे आहे. फ्रेंच आमदनीपासून जग त्यांना ग्रिओ म्हणून ओळखते. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीकडचे हेळवी जशा घराघरांच्या वंशावळी सांभाळतात, तशा जेलींनी त्या सांभाळल्या. फरक एवढाच, की जेली राजाचा सल्लागार, दूत आणि तंटे मिटवणारा मध्यस्थही असे. कुयाते, दियाबाते, सिसोको ही त्यांची प्रसिद्ध घराणी. एकवीस तारांच्या कोरा या वाद्याची कीर्ती जगभर नेणारे, २०२४ मध्ये निवर्तलेले तुमानी दियाबाते याच परंपरेतले होते. दियाबाते घराण्याची उत्पत्तीही त्या रानरेड्याच्या शिकारीतच सांगितली जाते: एका त्राओरे भावाने दुसऱ्याच्या पराक्रमाचे गुणगान केले आणि तो व त्याचे वंशज कायमचे जेली झाले.

जेलींची ही प्रथा किती जुनी आहे, याचा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा उपलब्ध आहे. दौलताबादचे वर्णन लिहून ठेवल्यामुळे आपल्याला परिचित असलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५२ मध्ये सहारा ओलांडून मालीच्या दरबारात पोहोचला. बोरूच्या पट्ट्या आणि खाली लावलेले छोटे भोपळे असलेले वाद्य राजाचा दुभाषी दुघा कसा वाजवतो, याची त्याने नोंद केली. ते वाद्य म्हणजे आजचे बालाफोन, यात फारशी शंका नाही. सणाच्या दिवशी पिसांचे अंगरखे आणि लाल चोचीचे लाकडी मुखवटे घातलेले कवी राजापुढे उभे राहतात आणि या आसनावर पूर्वी कोण बसले, त्यांनी कोणती चांगली कामे केली हे सांगून त्यालाही तसेच वागण्यास बजावतात, असेही तो लिहितो. त्याला हा वेष हास्यास्पद वाटला. मोठ्या प्रवाशांची नजर तीक्ष्ण असली, तरी रसिकता दर वेळी सोबत असतेच असे नाही.

आता नायजर नदीकाठचे कांगाबा हे गाव पाहू. तिथली गोल मातीच्या भिंतींची आणि गवताने शाकारलेल्या छपराची इमारत म्हणजे कामाब्लोन, मांदेचे पवित्र घर. ते १६५३ मध्ये बांधल्याचे सांगतात. दर सात वर्षांनी त्याचे छप्पर उतरवून नवे चढवले जाते. विशीतले तरुण हे काम करतात, पाच दिवस सोहळा चालतो, त्याची जबाबदारी सुंदियाताचे वंशज मानल्या जाणाऱ्या, कांगाबाच्या केइता या राजघराण्याकडे असते, आणि शेजारच्या केला गावचे दियाबाते मांदेच्या उत्पत्तीची कथा सांगतात. या विधीचा युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. सीमेपलीकडे, उत्तर गिनीतील नियागासोला गावात, एक प्राचीन बालाफोन जपलेले आहे. सुमाओरो काँते स्वतः वाजवत असे ते हेच सोसो-बाला, अशी श्रद्धा आहे. दीड मीटर लांबीच्या या वाद्याला वीस पट्ट्या आहेत, आणि भोपळ्यांच्या छिद्रांवर कोळ्याच्या जाळ्याचा पापुद्रा लावल्यामुळे त्यातून किंचित गुणगुणणारा नाद निघतो. सुंदियाताने ते बाला फासेके कुयाते या जेलीच्या स्वाधीन केले आणि त्याच्याच वंशजांकडे ते आजही आहे. जिंकलेल्या शत्रूचे वाद्य जेत्याच्या कथकाने शतकानुशतके जपावे, ही गोष्ट मांदे मनोवृत्तीविषयी बरेच काही सांगते.

कथेतून थट्टा कशी निघाली, ते आता स्पष्ट होईल. त्राओरे शिकाऱ्यांनी मारलेली रानरेडा झालेली स्त्री कोंदे कुळातली होती. कोंदे आणि दियारा ही एकाच कुळाची दोन आडनावे मानली जातात, आणि म्हणूनच त्राओरे आणि दियारा आज एकमेकांना चवळीखाऊ म्हणतात. ज्या दोन कुळांमध्ये रक्त सांडले, किंवा ज्यांच्यात कोणी कोणाला जीवदान दिले, त्यांच्यातील वैर अथवा ऋण थट्टेच्या रूपाने निरुपद्रवी करून ठेवायचे, अशी ही रीत आहे. थट्टेबरोबर कर्तव्येही येतात. थट्टेच्या भावकीने केलेली रास्त विनंती नाकारता येत नाही, त्याने मध्यस्थी केली तर भांडण ताणता येत नाही, आणि मयताच्या घरीही त्याला चेष्टा करण्याचा हक्क असतो.

हे नाते भाषेच्या सीमेपाशी थांबत नाही. सेनेगलमधील वोलोफ भाषकांची भाषा मांदे भाषांहून अगदी वेगळी आहे. तिथे थट्टेची सर्वांत गाजलेली जोडी न्दियाय आणि दियोप यांची. आता मालीतील दियारा सेनेगलमध्ये गेला की तो न्दियाय समजला जातो आणि त्राओरे गेला की दियोप. त्यामुळे सीमा ओलांडून गेलेल्या माणसाला तिथे पहिल्याच दिवशी नातेवाईक मिळतात आणि टोमणे मारायला हक्काचा माणूसही. ही समीकरणे कोणी, केव्हा ठरवली, याचा उत्तम पुरावा मागत बसणारा इतिहासकार येथे निराश होईल. वंशशास्त्राच्या कसोटीवर यांतील कितीतरी नाती टिकणार नाहीत, परंतु ती पाळली जातात, आणि पाळली जाणे हेच त्यांचे अस्तित्व आहे.

मालीतीलच दोगोन आणि बोझो यांचे उदाहरण घ्या. दोगोन कड्यांवर राहणारे शेतकरी, तर बोझो नायजरवरचे मासेमार. एका कथेनुसार दुष्काळात बोझोंच्या पूर्वजाने आपल्या मांडीचे मांस कापून दोगोनांच्या पूर्वजाला खाऊ घातले. तेव्हापासून दोघांत थट्टा चालते, परंतु विवाह वर्ज्य आहे. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल ग्रिओल यांनी १९४८ मध्ये या संबंधावर लिहिले, तर त्याआधी १९४० मध्ये ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी थट्टेच्या नात्यांचा सिद्धान्त मांडला होता. विद्वानांनी त्याचे गंभीर विश्लेषण केले हे योग्यच झाले, मात्र त्या लिखाणात हसू फारसे ऐकू येत नाही.

या नात्याचा राजकारणावरील परिणामही तपासला गेला आहे. थॅड डनिंग आणि लॉरेन हॅरिसन या अभ्यासकांनी बामाकोमध्ये लोकांना एका उमेदवाराच्या भाषणाची चित्रफीत दाखवली आणि उमेदवाराचे आडनाव मात्र प्रेक्षकागणिक बदलून सांगितले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उमेदवार दुसऱ्या जमातीचा असला तरी थट्टेच्या नात्यातला असेल, तर त्याला अनुकूल मते मिळत. जवळजवळ स्वतःच्या जमातीच्या उमेदवाराइतकीच. मालीत निवडणुकीत जमातीवरून फळ्या फारशा का पडल्या नाहीत, याचे एक उत्तर या अभ्यासाने दिले.

एवढ्यावरून हा समाज समतेचा होता असे समजणे चुकीचे ठरेल. मांदे समाजात स्वतंत्र कुळे, जेली-लोहार-चर्मकार अशा व्यवसायांशी बांधलेली घराणी आणि गुलामांचे वंशज असे थर होते, आणि लग्नाच्या वेळी ते आजही आडवे येतात. विख्यात गायक सालिफ केइता यांचा जन्म १९४९ चा. केइतांच्या मुलाने गाणे म्हणजे जेलींचे काम पत्करणे, म्हणून घरातून त्यांना विरोध झाला. गुलामांच्या वंशजांचे हाल तर पश्चिम मालीतील कायेस भागात अलीकडेही झाले आहेत; हलक्या मानल्या जाणाऱ्या या कुटुंबांनी जुनी सेवा नाकारली म्हणून त्यांना मारहाण झाली आणि गावे सोडावी लागली. "तुमचा आजा आमचा गडी होता" हा विनोद कोणाच्या घरी विनोद राहत नाही, हेही ऐकले पाहिजे.

सुंदियाताने १२३६ मध्ये कुरुकान फुगा येथे सभा भरवून कायदे केले, असे परंपरा सांगते. त्यांचा ४४ कलमांचा जो मसुदा आज प्रचलित आहे, तो १९९८ मध्ये गिनीतील कांकान येथे जेलींच्या कथनांवरून संकलित झाला. सनांकुयाचा उल्लेख त्याच्या सातव्या कलमात आहे. या सनदेला जगातील आद्य मानवी हक्कांचा जाहीरनामा म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस जुळवलेला मजकूर जसाच्या तसा तेराव्या शतकाचा मानता येत नाही, असा आक्षेप काही इतिहासकारांनी घेतला आहे, आणि तो रास्त आहे.

शेवटी सेनेगलच्या किनाऱ्याकडे येऊ. येथील सेरेर आणि जोला हे मांदे समाजांपैकी नाहीत, पण थट्टेचे नाते त्यांच्यातही आहे. अगेन आणि जांबोन्य या दोन बहिणी होडीतून चालल्या असताना सांगोमारच्या टोकापाशी वादळाने होडी दुभंगली. अगेन दक्षिणेला, सेनेगलच्या दक्षिण भागातील कासामांसकडे वाहत गेली आणि जोलांची आदिमाता झाली, जांबोन्य उत्तरेला लागली आणि सेरेरांची झाली, अशी ही कथा आहे. १९८२ पासून कासामांसमध्ये जोलाबहुल फुटीरतावादी चळवळीचा आणि सरकारचा संघर्ष सुरू झाला, तेव्हा या दोन बहिणींच्या नावाने सेरेर आणि जोला लोकांनी मेळावे भरवले आणि समेटाचे प्रयत्न केले. २६ सप्टेंबर २००२ रोजी कासामांसहून डकारला निघालेले 'जोला' हे जहाज बुडून अठराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढे या सागरी मार्गासाठी ज्या नव्या बोटी आणल्या गेल्या, त्यांपैकी दोघींची नावे सरकारने 'अगेन' आणि 'जांबोन्य' अशी ठेवली. कासामांसचा प्रश्न त्यानंतरही बरीच वर्षे चिघळत राहिला. त्या काळात सेरेर आणि जोला माणसे एकमेकांना भेटली, की आमच्या पूर्वजांची होडी तुमच्याच वजनाने फुटली, असे टोमणे मारण्याचा आपला हक्क मात्र बजावत राहिली.