चुकून मेलेलं मांजर आणि घाबरलेला राजा

नमस्कार मंडळी! आज मांजराबद्दल बोलायचंय, पण आपल्या गल्लीतल्या नाही, प्राचीन इजिप्तमधल्या. आता घरात मांजर कशाला पाळतात हे तुम्हाला मी काय सांगणार, धान्य आलं की उंदीर आला आणि उंदीर आला की मागून मनीमाऊ आलीच. नाईलच्या काठी गहू आणि बार्ली, भरलेली कोठारं, त्यात साप, म्हणजे मांजराला काम भरपूर होतं. मग कामाला ठेवलेलं मांजर घरातलंच होऊन गेलं. नख्त नावाच्या माणसाच्या थडग्यातलं चित्र आहे, नवरा-बायको खुर्चीत बसलेत आणि खुर्चीखाली मांजर मस्त मासा खातंय! थुटमोस नावाच्या राजपुत्राने तर आपल्या लाडक्या मांजरीसाठी चुनखडीची शवपेटी घडवून घेतली होती.

आणि देवी बास्टेट. आधी तिला सिंहिणीचं तोंड होतं, पुढे मांजरीचं झालं. बुबास्टिस गावात तिची जत्रा भरायची आणि जत्रेत म्हणे वर्षभरात पिणार नाहीत एवढी दारू लोक प्यायचे, असं हेरोडोटस हा ग्रीक लेखक लिहितो. तोच सांगतो की घरातलं मांजर मेलं की घरातली सगळी माणसं भुवया काढायची. मांजर मेलं तर फक्त भुवया बरं का, कुत्रा मेला तर डोक्यासकट सगळं अंग सफाचट. म्हणजे केसांचा हिशोब लावला तर कुत्रा पुढेच, पण ही गोष्ट मांजरवाले कधी सांगत नाहीत.

बरं, मला जी गोष्ट सांगायचीय ती वेगळीच आहे. इसवी सनापूर्वी ६० च्या आसपासची. डायोडोरस नावाचा सिसिलीचा लेखक तेव्हा इजिप्तमध्ये फिरत होता. गादीवर बारावा टॉलेमी, म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या क्लिओपात्राचे वडील, ती तेव्हा नऊ-दहा वर्षांची पोर. या राजाची अवस्था अशी की रोमने त्याला अजून मित्र म्हणून मान्यताच दिलेली नव्हती, रोमच्या मनात आलं तर राज्य गिळायला किती वेळ, म्हणून हा रोमन लोकांच्या पुढेपुढे करत होता, आणि तेवढ्यात रोमहून शिष्टमंडळ आलेलं, सगळीकडे एकच धाकधूक की पाहुण्यांना काही कमी पडू नये, तक्रारीला जागा नको, युद्धाला निमित्त नको.

आणि नेमकं तेव्हाच एका रोमन माणसाच्या हातून मांजर मेलं. चुकून हं. मुद्दाम नाही, चुकून!

झालं, लोक धावत त्याच्या घरावर. राजाला कळलं, त्याने अधिकारी पाठवले, बाबांनो सोडा याला, हात जोडतो. लोकांनी ऐकलं नाही. रोमची भीती होती, तीही सगळ्यांना होती, तिचाही उपयोग नाही. राजा वाचवू शकला नाही, रोम वाचवू शकला नाही, माणूस गेला. डायोडोरस ठासून सांगतो की हे मी ऐकलेलं नाही, डोळ्यांनी बघितलंय.

आपल्याकडे कसं, हातून मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करा म्हणतात, खर्चिक आहे पण निदान सुटका तरी आहे. त्या बिचाऱ्याला काशी कुठली! तिथले लोक तर इतके टरकून असायचे की रस्त्यात मेलेलं मांजर दिसलं की लांबच उभं राहून मोठ्याने रडत ओरडायचे, अहो मी नाही मारलं, आलो तेव्हा मेलेलंच होतं!

जाता जाता एक. इराणी सैन्याने मांजरं पुढे धरून इजिप्त जिंकलं असा फॉरवर्ड तुम्हाला आला असेल. लढाई इसवी सनापूर्वी ५२५ ची, आणि गोष्ट लिहिणारा पॉलिएनस त्यानंतर साडेसहाशेहून जास्त वर्षांनी लिहीत होता. हेरोडोटसने त्याच लढाईबद्दल लिहिलंय, त्यात मांजराचं नाव नाही. डायोडोरसची खरी गोष्ट सोडून लोक हेच का पाठवतात मला कळत नाही.

आता जरा कडू भाग. ज्या काळात रस्त्यावर मांजर मारलं की जीव जायचा त्याच काळात देवळांच्या आसऱ्याने मांजरं मुद्दाम वाढवली जायची, मारली जायची, ममी करून भाविकांना विकली जायची, देवीला नवस म्हणून. एक्स-रे काढले तर कित्येक ममींमध्ये पिल्लं निघाली, मान मोडलेली. देवीसाठी मारलं तर पुण्य, चुकून मारलं तर मरण. यात विसंगती आहे असं त्यांना वाटत नसावं, मला वाटते.

अशा ममी जमिनीखाली लाखोंनी होत्या. १८८८ मध्ये बेनी हसनजवळ एका शेतकऱ्याला त्यांचा साठा सापडला, त्यातला सुमारे १९ टन माल बोटीने इंग्लंडला गेला, अंदाजे १ लाख ८० हजार मांजरं! १८९० मध्ये लिव्हरपूलला लिलाव झाला, लिलाववाल्याने हातोडीऐवजी मांजराचं डोकंच आपटलं म्हणतात. भाव टनाला चार पौंडांच्याही आत, आणि माल गेला शेतात, खत म्हणून.

चला, बातम्यांची वेळ झाली. नमस्कार.