गाऱ्हाणं

(दृश्य: बेळगावचं वडगाव. आषाढातला मंगळवार, सकाळची वेळ. बारीक पाऊस. रिकामं शिवार, बांधावर झाकून ठेवलेला पॉवर टिलर.)

आज वार आहे. वडगावच्या शिवारात आज कुणी उतरणार नाही. रोप लावणीला आलंय, पाणी बांधात धरलंय, तरीही नाही. मंगाई देवीच्या यात्रेआधीचे हे वार इथं पिढ्यान्‌पिढ्या पाळले जातात. शेतातली कामं बंद ठेवायची आणि देवीला गाऱ्हाणं घालायचं.

गाऱ्हाणं ऐकलंय तुम्ही कधी? पाऊसपाणी वेळेवर होऊ दे. रोगराई गावाच्या वेशीबाहेर राहू दे. गुराढोरांना, लेकराबाळांना सांभाळ. म्हणणारा एकच असतो, पण मागतो तो सगळ्या गावासाठी. माझ्या घराला दे, असं त्यात कुठंच येत नाही. लहानपणी हे गाऱ्हाणं मी आईच्या पदराआड उभा राहून ऐकायचो. आमच्या घरात नेमकं काय कमी आहे, ते देवीला कोण सांगणार, अशी मला काळजी वाटायची.

कारण आषाढात आमच्या घरात बरंच काही कमी असायचं.

(दृश्य: यंत्रमागाचं घर. माग बंद. भिंतीला टेकून ठेवलेले घडी केलेल्या साड्यांचे गठ्ठे.)

वडगाव, खासबाग, शहापूर हा विणकरांचा भाग. शहापूरची साडी एकेकाळी लांबपर्यंत नावाजलेली. मागाचं गणित लग्नसराईवर चालतं. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कार्तिकीपर्यंत मुहूर्त नाहीत. लग्नं नाहीत म्हणून साडीला उठाव नाही, आणि उठाव नाही म्हणून व्यापारी माल उचलत नाही. माग खटखटायचे थांबले की आमची गल्ली इतकी शांत व्हायची की पावसाचाच आवाज मोठा वाटायचा.

खानापूर तालुक्यातही हेच, फक्त धंदा वेगळा. तिथं कौलं आणि विटा. वीटभट्टीचं काम कोरड्या दिवसांतलं. पहिला वळीव झोडपून गेला की भट्ट्या झाकल्या जातात आणि मजूर घरी बसतात. बायकांना लावणीचे काही दिवस मिळतात, तेवढाच आधार. आणखी पश्चिमेला, भीमगडच्या जंगलातल्या आमगाव, गवाळी, पास्तोलीसारख्या गावांची तऱ्हा याहून कठीण. पावसाळ्यात नाले भरले की रस्ता तुटतो. चार महिन्यांची बेगमी आधीच भरून ठेवावी लागते. कुणी आजारी पडलं तर गावातले तरुण त्या माणसाला खांद्यावर घेऊन चिखलातून रस्त्याला लावतात. हे काम करायला कुठली संस्था नाही, नोंदणी नाही. पण आपल्या भागातल्या सेवाकार्याची यादी करायची म्हटली, तर मी पहिलं नाव या खांद्यांचं घालीन.

आणि नेमक्या याच दिवसांत, घरात पैसा नसताना, शाळा उघडतात. वह्या, गणवेश, बसपास, फी. सण सगळे पुढं, सुगी त्याच्याही पुढं. खर्च मात्र दारात उभा.

(दृश्य: जुनी, कापडी पुठ्ठ्याची वही. पानं पिवळी पडलेली.)

आमच्या गल्लीच्या मंडळाची ही वर्गणीची वही. पहिल्या पानावर श्री गजानन प्रसन्न. पुढं घरवार नावं आणि आकडे.

बेळगावात सार्वजनिक गणपती रुजला तो १९०५ साली, लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेनं, मार्केटमधल्या झेंडा चौकात. त्यानंतर गल्लोगल्ली मंडळं झाली. इथली गल्ली म्हणजे नुसता रस्ता नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. गल्लीला पंच असतात, युवक मंडळ असतं, महिला मंडळ असतं. गल्लीची स्वतःची भांडी असतात, मोठी पातेली, परात, झारे. लग्न असो की बारावं, ती भांडी घराबाहेर मांडली जातात आणि वाढायला गल्लीतलीच पोरं उभी राहतात. मंडळ गणपतीचे दहा दिवस मांडवात दिसतं. उरलेलं वर्ष ते अशा भांड्यांमध्ये असतं, रात्री-अपरात्री दवाखान्यात धावणाऱ्या पोरांच्या मोटरसायकलीवर असतं, रक्ताच्या बाटलीसाठी केलेल्या फोनमध्ये असतं.

मी पाचवीत असताना वडील अंथरुणाला खिळले आणि माग बंद पडला. शेजारच्या वैनी एका संध्याकाळी दारात आल्या. हातात सुपात तांदूळ. आईला म्हणाल्या, "एवढं निवडून दे गे, माझ्या डोळ्यांना दिसंना." आईनं तांदूळ निवडून ठेवले. वैनी ते न्यायला आल्याच नाहीत. दोन दिवसांनी आईनं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "राहू दे की तुझ्याकडंच, माझ्या डब्यात जागा नाही."

त्या वर्षी माझी शाळेची फी भरली गेली. कुणी भरली ते मला माहीत नव्हतं. आईला विचारलं तर ती विषय बदलायची. मोठा झालो, मंडळाचा हिशेब माझ्याकडं आला आणि जुन्या वह्या चाळताना ते वर्ष सापडलं. गणपतीचा खर्च, मांडव, वाजंत्री, महाप्रसाद. खाली शिल्लक. शिल्लकेतून एक ओळ वजा.

शाळा – एक घर.

एवढंच. नाव नाही. त्या वहीत अशा बऱ्याच ओळी आहेत. औषध – एक घर. कौलं – एक घर. बाळंतपण – एक घर. ही घरं मराठी बोलणारी होती की कन्नड, लिहिलेलं नाही. आमच्या गल्लीत दोन्ही होती.

त्या रात्री वही मिटून मी बराच वेळ बसून होतो. गाऱ्हाण्यात आमच्या घराचं नाव का येत नाही, हे मला तेव्हा समजलं.

(दृश्य: देवळाच्या पायरीवर चष्मा लावून कागद भरणारे एक वयस्क गृहस्थ. पाठमोरी एक आजी.)

सीमाभागात अडचणीला आणखी एक पदर असतो. योजनेचा अर्ज कन्नडमध्ये, दवाखान्याचा कागद कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेल्या आजीला रेशनकार्डावरचं स्वतःचं नाव वाचता येत नाही. नातवंडं शाळेत कन्नड शिकतात, ती वाचून दाखवतात. जिथं नातवंडं पोटासाठी गोव्याला किंवा पुण्याला गेली आहेत, तिथं गल्लीतले निवृत्त मास्तर कामाला येतात. संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसायचं, आलेला कागद वाचून सांगायचा, भरून द्यायचा. विधवा पेन्शनचा एक अर्ज वेळेत गेला तर एका घराची वर्षाची घडी बसते. पाचशे रुपयांच्या मदतीपेक्षा हे काम मला मोठं वाटतं.

(दृश्य: रद्दीचे गठ्ठे, काटा, सुतळी.)

शहरात शांताई वृद्धाश्रमाच्या मंडळींनी विद्या आधार ही योजना चालवली. घरोघरची जुनी वर्तमानपत्रं गोळा करायची, विकायची आणि त्या पैशांतून गरजू मुलांची फी भरायची. बेळगावकरांना वर्तमानपत्राचं वेड. बाबुराव ठाकूरांनी १९१९ मध्ये सुरू केलेला 'तरुण भारत' इथं घराघरात पोचलेला. सकाळी वाचलेला कागद महिनाअखेरीस कुणाच्या तरी फीची पावती होतो. देणाऱ्यालाही हे सोपं जातं. पाच हजार रुपये काढून द्यायला माणूस दहा वेळा विचार करतो, रद्दी द्यायला करत नाही. आणि घेणाऱ्या मुलाला कुणा एकाच्या उपकाराचं ओझं होत नाही, कारण त्याची फी शंभर घरांतून आलेली असते.

(दृश्य: पुराची जुनी छायाचित्रं. पाण्याखाली गेलेला महामार्ग.)

२०१९ चा ऑगस्ट इथं कुणी विसरणार नाही. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा, सगळ्या एकदम फुगल्या. निपाणीजवळ यमगर्णीला पुणे–बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला. इकडं बळ्ळारी नाला फुटून शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातलं भात बुडालं. गणपती होता २ सप्टेंबरला, तीन आठवड्यांवर. मंडळाची बैठक बसली. मूर्ती लहान, मांडव साधा, उरलेली वर्गणी पुराला, असं ठरायला दहा मिनिटं लागली नाहीत.

घरटी दहा भाकऱ्या आणि खर्डा, असा निरोप गल्लीत फिरला. टेम्पो भरला. त्या वेळी आम्ही एक चूक केली, ती सांगतो. जुने कपडे द्या म्हणालो. ढीग जमला आणि त्यात फाटक्या, विटक्या कपड्यांचीच भर जास्त. पुरात सगळं गमावलेल्या बाईच्या हातात दुसऱ्याची फाटकी साडी ठेवायची? ते गठ्ठे आम्ही परत उतरवले. पूरग्रस्त गावातल्या बायकांनाच विचारलं, काय हवं? त्यांनी सांगितलं: साबण, टॉवेल, सतरंजी, सॅनिटरी पॅड, मुलांच्या वह्या. आणि चुलीला काहीतरी कोरडं जळण. जळण आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

(दृश्य: निपाणी. दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, फक्त हात.)

निपाणीत हे हात विड्या वळतात. भिजवलेलं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. सणाला सुट्टी घेतली तर त्या दिवसाची मजुरी गेली. त्यामुळं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका हातातलं सूप खाली ठेवून धावतपळत येतात. या हळदीकुंकवाविषयी थोडं बोलायलाच हवं. ज्या घराला आधाराची सर्वांत जास्त गरज, त्या घरची बाई, नवरा गेलेली, तिलाच या बैठकीतून वगळायचं, ही आपली रीत. वाण घेताना, गप्पा मारताना कुणाची मुलगी कुठं शिकते, कुठं काम आहे, भिशीत जागा आहे का, हे सगळं ठरतं. तिथं ती नसते.

मे २०२२ मध्ये सीमेला लागूनच असलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांवरच्या जाचक प्रथा बंद करण्याचा ठराव केला. गाव महाराष्ट्रातलं, पण वारं सीमेवर थांबत नाही. आमच्याकडंही काही महिला मंडळं आता या बायकांना मानानं बोलावतात, कुंकू लावतात, वाण देतात. सगळी नाहीत. आमच्या गल्लीत ज्या वर्षी पहिल्यांदा हे झालं, त्या वर्षी माझी आई सोळा वर्षांनी हळदीकुंकवाला गेली. वाणात मिळालेला स्टीलचा डबा ती अजून वापरत नाही, कपाटात ठेवलाय.

(दृश्य: गावात उभारलेली कमान, ग्रंथदिंडी, लेझीम.)

हिवाळ्यात भात घरी आलं की गावांचा जीव मोठा होतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, तीही गावाच्या वर्गणीतून. पालखीत ग्रंथ, मांडवात पाहुणे, आणि सगळ्या गावाला जेवण. पारायणांचे सप्ताह होतात. काही गावांत बऱ्याच वर्षांनी येणारी महालक्ष्मी यात्रा भरते. तिचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही. सासरी गेलेल्या सगळ्या लेकी एकाच आठवड्यात माहेरी आलेल्या असतात. पण यात्रेसाठी घर रंगवायचं, पाहुण्यांना जेवू घालायचं, लेकींना साड्या घ्यायच्या, या ईर्ष्येत कित्येक घरं कर्ज काढतात आणि ते पुढं वर्षानुवर्षं फेडत बसतात. देवीनं हे मागितलेलं नाही. जेवणावळी आवरत्या घेऊ, असं एखाद्या घरानं एकट्यानं म्हटलं तर त्याला हसतील. गावानं बसून ठरवलं तर कुणाची मान खाली जात नाही. इथंही गाऱ्हाणं गावानंच घालायला हवं.

(दृश्य: जून. देवळाचा सोपा. चटईवर वह्यांचे गठ्ठे, दप्तरं, रेनकोट. मुलं पाठमोरी.)

गणपतीची शिल्लक, संमेलनातून उरलेले पैसे, एसएसएलसी, म्हणजे इथली दहावी, पास होऊन नोकरीला लागलेल्या पोरांनी पाठवलेले पैसे, असं सगळं मिळून जूनमध्ये वह्या येतात. आषाढाच्या आधी. वह्या गल्लीतल्या सगळ्या मुलांना मिळतात, ज्याच्या घरी चारचाकी आहे त्यालाही. त्यामुळं कुणाला गरज होती आणि कुणाला नव्हती, हे मुलांना कळत नाही.

मागच्या काही वर्षांत एक वेगळी पद्धत आली. वाटपाचा फलक, देणाऱ्याचा फोटो, आणि हातात वही धरून कॅमेऱ्याकडं बघणारं मूल. तो फोटो मोबाइलवर गावभर फिरतो आणि त्याच्या वर्गातही पोचतो. मी पाचवीत असताना असा फोटो निघाला असता तर मी शाळेत गेलो असतो का, मला सांगता येत नाही.

म्हणून या चित्रीकरणात तुम्हाला मुलांचे चेहरे दिसले नाहीत. कॅमेरा दाराच्या आत ठेवला, मुलांच्या मागं.

(दृश्य: वाटप संपलेलं. चटई गुंडाळली जाते. बाहेर पाऊस वाढलेला.)

खजिनदार नवा आहे, तरुण आहे, हिशेब मोबाइलमध्ये ठेवतो. तरी वहीसुद्धा लिही, असं मी त्याला सांगितलंय. आज सकाळी पंचांपैकी एकानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानं मान हलवली, वही उघडली, तारीख घातली.

(दृश्य: वहीवर पेन. अक्षर उमटताना.)

दवाखाना – एक घर.